काठीचा बाक

आमच्या मेहकरला पैनगंगेत गळ टाकणाऱ्याच्या हातात काठी बांबूचीच. विदर्भातला हा बांबू आतून बराचसा भरीव, त्यामुळं चिवट. दोरीला शिशाची गोळी, खाली गांडूळ लावलेला गळ. काठी झुलवली की गोळीच्या वजनानं दोरी पाण्यात जाऊन पडते. शाळेत विज्ञान शिकवण्यात जन्म गेला म्हणून असेल, माझं लक्ष माशापेक्षा काठीकडंच जास्त.

भाच्यानं परदेशातून फ्लाय रॉड आणला आणि हा हिशोबच उलटला. नऊ फुटांची कार्बन फायबरची काठी आणि गळाला पिसं बांधून केलेला नकली किडा. तो ग्रॅमभरही भरत नाही, मग लांब जाणार कसा? सगळं वजन दोरीत असतं. पाच नंबरच्या दोरीचे पहिले 30 फूट साधारण 9 ग्रॅम भरतात. फेकायची ती दोरी. किडा तिच्यामागं फरफटत जातो.

मागं फेकलेली दोरी हवेत सरळ झाली की हात पुढं आणायचा, सावकाश सुरुवात करून वेग वाढवत. दोरी जडत्वामुळं मागं राहू पाहते, टोकाला ओढ बसते, काठी वाकते. मग हात एकदम थांबवायचा. काठी सरळ होते, टोक थबकतं, पण दोरी पुढं निघालेली असते. तिचा वळसा पडतो आणि उलगडत जातो. गाडीवानाचा आसूड पाहिलेल्याला हा वळसा वेगळा सांगायला नको.

काठी धनुष्यासारखी दोरी फेकते असं पुष्कळांना वाटतं. माझ्या मते तिथंच गफलत होते. बरंचसं काम तरफेचं: मूठ वीतभर हलते, टोक कितीतरी जास्त. बाकाचा खरा उपयोग वेगळाच. ताठ काठीचं टोक कमानीत फिरेल. वाकलेली काठी मधल्या टप्प्यात जणू आखूड होते, म्हणून टोक जवळजवळ सरळ रेषेत जातं आणि वळसा अरुंद पडतो. सुरुवातीलाच हिसका दिलात तर टोक मध्येच खाली दबतं आणि दोरी स्वतःतच गुंतते.

काठी निमुळती का, तेही यातच आलं. भरीव गोल काठीची जाडी निम्मी झाली की ताठपणा सोळाव्या हिश्शावर येतो. म्हणून थोड्या दोरीला नुसता शेंडा वाकतो. दोरी लांबली की बाक मुठीकडं उतरतो. बांबूचे धागे सालीकडं दाट असतात. विलायती कारागीर चीनमधल्या टोंकिन बांबूच्या सालीकडच्या सहा पट्ट्या चिकटवून षटकोनी काठ्या करत, ते याचसाठी. आपली गळाची काठी तासताना साल शाबूत ठेवा.

सराव मोकळ्या मैदानावर, गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून आणि डोळ्यांवर चष्मा लावून करा. तलावावर जाण्याआधी तिथल्या मच्छीमार संस्थेला विचारा. आणि कार्बनमधून वीज वाहते, तेव्हा विजेच्या तारांखाली ही काठी उगारू नका.