घडीवर उभा राहणारा पुठ्ठा

टेबलावरचं तिकोनी कॅलेंडर, काउंटरवर पत्रकं ठेवायचा होल्डर, मोबाइल टेकवायचा स्टँड, गणपतीचं घडीचं मखर. या वस्तूंमागचं तंत्र दीडशे वर्षांत घडत आलं आहे आणि त्याचा हिशोब मांडला तर एक गोष्ट स्पष्ट दिसते: पुठ्ठा जाडीवर नव्हे, घडीवर उभा राहतो. १८७१ मध्ये न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्सने बाटल्या गुंडाळायला पन्हळी कागदाचं पेटंट घेतलं. कागद साधाच, पन्हळी पाडल्यावर तो मार सोसू लागला. पुढे १८७९ मध्ये ब्रुकलिनला रॉबर्ट गेअरच्या कारखान्यात बियाण्यांच्या पिशव्या छापताना घडीची रेघ पाडणारी धातूची पट्टी वर सरकली आणि पिशव्या कापल्या गेल्या. माल वाया गेला खरा, पण कापणं आणि घडी पाडणं एकाच दाबात होऊ शकतं हे गेअरच्या ध्यानात आलं. आजचं डाय-पंचिंग त्याच वाटेवरचं.

यावर हिशोबी माणूस म्हणेल की जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट होतो, मग घड्यांची उठाठेव कशाला? गणित बरोबर आहे, पण पुठ्ठा जितका जाड तितका तो घडीवर तडकतो; शिवाय वजन आणि खर्च दोन्ही वाढतात. त्याउलट अर्ध्या मिलिमीटरहून पातळ पुठ्ठ्याची कड दोन सेंटिमीटर आत दुमडली, तर ती बाजू वाकायला तयार होत नाही. खरी कसोटी असते ती तंतूंच्या दिशेची, म्हणजे ग्रेनची. ग्रेन उभा ठेवला तर कॅलेंडरचे पाय ताठ राहतात, पण माथ्यावरची आडवी घडी मग तंतूंना छेदून जाते आणि छपाई तिथे फुटते. ग्रेन आडवा ठेवला तर घडी सुबक येते, पण पाय पोक काढतात. यातून सोडवणूक क्रीझिंगने केली. दाब दिलेल्या रेघेवर पुठ्ठ्याचे आतले थर एकमेकांपासून सुटतात, घडीच्या आतल्या अंगाला बारीक उंचवटा येतो आणि बाहेरच्या पृष्ठभागाला ताण कमी बसतो. नीट क्रीझ झालेला पुठ्ठा उभ्या ग्रेनवरही सहसा फुटत नाही. जोडणीसाठी खाचेत अडकवायच्या पुठ्ठ्याच्या जिभेचंही तसंच: ती खांद्याशी जरा रुंद हवी, म्हणजे आत गेलेली सहज सुटत नाही आणि डिंक लागत नाही.

घडीच्या या ताकदीचं अलीकडचं उदाहरण म्हणजे २०१४ मध्ये आलेला गूगल कार्डबोर्ड, मोबाइल डोळ्यांसमोर धरणारा घडीचा होल्डरच. पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत जोडणी तीन पायऱ्यांवर आली. २०२१ मध्ये गूगलने त्याची विक्री थांबवली. वापर घटला होता, पुठ्ठा हरला नव्हता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आपल्याकडच्या, त्यातही कोकणातल्या, पावसाळ्यात पुठ्ठा ओलावा ओढून ढिला पडतो. हे नाकारून चालणार नाही. पण लॅमिनेशनला रामबाण समजणंही चूक. एकाच बाजूला फिल्म लावली की उघडी बाजू ओलाव्याने फुगते आणि स्टँड वाकतो. दोन्ही बाजूंना लावली तर रद्दीत गेल्यावर कागद त्या फिल्मपासून सोडवणं जिकिरीचं होतं. महाराष्ट्रात मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लॅस्टिकबरोबर थर्माकोलवर बंदी आली आणि पुठ्ठ्याची मखरं पर्याय म्हणून पुढे आली. त्यांवर चकाकी हवी म्हणून पुन्हा प्लॅस्टिकचा थर चढवायचा असेल, तर बंदीने काय साधलं? ओलाव्याला उत्तर रचनेतच शोधावं: पायांना जोडणारी तळपट्टी द्यावी, म्हणजे ढिले पडले तरी पाय फाकत नाहीत.

नव्या वर्षाचं टेबल कॅलेंडर छापायला टाकणार असाल, तर छापखान्यात नुसता जीएसएम, म्हणजे कागदाचं दर चौरस मीटरचं वजन, विचारून थांबू नका. ग्रेन कुठल्या दिशेने आहे ते विचारा, आणि कोरा नमुना जुलैमध्येच करून घेऊन महिनाभर उघड्या खिडकीशी उभा करून बघा.