वकिलांच्या मोठ्या पेढ्या आणि सीमाभागातील मुले

‘क्लार्कशिप’ हा शब्द कानावर पडला की आपल्याकडे कारकुनीच डोळ्यांपुढे येते. बेळगावच्या कोर्टाच्या आवारात वकीलसाहेबांच्या टेबलाशेजारी बसून तारखा टिपून ठेवणारा, नकलांसाठी खेपा घालणारा कारकून आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत. त्यामुळे खानापूरकडचा एखादा मुलगा मुंबईच्या पेढीत क्लार्कशिपसाठी अर्ज करतो म्हणाला, तर घरची मंडळी विचारणारच, की पाच वर्षे कायदा शिकून शेवटी कारकूनच व्हायचे काय?

शब्दाने हा घोटाळा केला आहे. सिडनी-मेलबर्नकडे क्लार्कशिप म्हणजे कायद्याच्या शेवटून दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने सुटीत काही आठवडे मोठ्या पेढीत पगारी काम करणे. त्याचे काम पसंत पडले, तर पदवीनंतरची नोकरी त्याला तिथेच मिळते. आपल्या देशात याच गोष्टीला इंटर्नशिप म्हणतात. मुंबईत तर याहून जुनी वाट आहे. सॉलिसिटरच्या हाताखाली तीन वर्षे आर्टिकल्ड क्लार्क म्हणून राबायचे आणि बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा द्यायची. सॉलिसिटर आणि अ‍ॅडव्होकेट हा मुंबई हायकोर्टातला जुना भेद १९७७ साली संपला, पण ही परीक्षा टिकून राहिली आणि पेढ्यांत तिला आजही मान आहे.

या पेढ्या कोर्टात उभे राहून साक्षीदाराची उलटतपासणी घेण्यासाठी ओळखल्या जात नाहीत. एका कंपनीने दुसरी विकत घेणे, बँकांचे कर्जकरार, शेअर, कर, लवाद आणि जमीनजुमल्याचे मोठे व्यवहार ही त्यांची कामे. मुंबईची क्रॉफर्ड बेली १८३० सालची, लिटल अँड कंपनी १८५६ ची, कोलकात्यात सुरू झालेली खेतान १९११ ची. जुनी अमरचंद मंगलदास २०१५ साली दुभंगली आणि तिच्यातून सिरिल अमरचंद व शार्दूल अमरचंद या दोन पेढ्या झाल्या. ही नावे आपल्या गावात कोणाला ठाऊक नसतात याचे नवल नाही. बार कौन्सिलच्या नियमाने वकिलाला आपल्या धंद्याची जाहिरातच करता येत नाही. बँकेच्या भरतीची जाहिरात गावच्या वाचनालयात वाचायला मिळते, पण या पेढ्यांचे नाव माहीतगाराने सांगितल्याशिवाय कानावर येत नाही. आणि शहरातल्या वकिलांच्या मुलांना सांगणारे घरातच असतात.

आमच्याकडे अधूनमधून मुले बायोडाटा घेऊन येतात, ‘जरा नजर टाका’ म्हणतात. गेल्या काही दिवसांत कायद्याच्या विद्यार्थ्यांचे असे कागद पाहण्यात आले आणि एक गोष्ट खटकली. मराठी शाळेत शिकलेल्या एका मुलीने आपल्या हायस्कूलचे नाव इंग्रजी आद्याक्षरांत असे लिहिले होते, की ती मराठी शाळा आहे हे कोणाला कळू नये. भाषांच्या रकान्यात ‘इंग्रजी, हिंदी’ एवढेच. मराठी नाही आणि कन्नडही नाही! विचारले तर म्हणाली, मोठ्या पेढीत ते बरे दिसत नाही.

आमचे म्हणणे नेमके याच्या उलट आहे, आणि ते भाषाप्रेमाच्या भरात सांगत नसून कामाच्या हिशेबाने सांगतो. पुणे, रायगड, कोल्हापूर किंवा सिंधुदुर्गातली जमीन एखाद्या कंपनीला घ्यायची असेल, तर पेढीला मालकीहक्काचा शोध घ्यावा लागतो. हा शोध साधारणपणे तीस वर्षांचा असतो. त्यासाठी सातबारा, आठ-अ, फेरफार, दुय्यम निबंधकाकडील इंडेक्स दोन हे सारे कागद वाचावे लागतात, आणि ते सारे मराठीत असतात. ‘एकुमॅ’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, ‘अपाक’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता, फेरफारावर ‘नोंद प्रमाणित’ असा शेरा नसेल तर काय समजायचे, इतर हक्कांत कूळ आहे की सोसायटीचा बोजा, हे दिल्लीत वाढलेल्या सुवर्णपदकवाल्यालाही शिकल्याशिवाय समजत नाही. आपल्या मुलाने हे कागद आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत पाहिलेले असतात. रेराखाली गृहप्रकल्पाची नोंदणी करताना वकिलाचा टायटल रिपोर्ट जोडावा लागतो. तो रिपोर्ट लिहायचा इंग्रजीत, पण त्याचा कच्चा माल मराठी. हायकोर्टात मराठी कागद दाखल करायचा तर त्याचे इंग्रजी भाषांतर लागते. भाषांतर दुसऱ्याने केले, तरी त्यात ‘कूळ’ आणि ‘भाडेकरू’ एकच करून टाकलेले नाहीत ना, हे मूळ कागद वाचणाराच सांगू शकतो.

तेव्हा बायोडाटात ‘मराठी’ एवढा एक शब्द लिहून थांबू नका. मराठी सफाईने वाचतो-लिहितो, सातबारा व फेरफार वाचता येतात, कन्नड वाचता-बोलता येते, असे स्वच्छ लिहा. कोणाला मोडी येत असेल तर तेही लिहा. आपल्या भागातल्या जुन्या वाटणीपत्रांना आणि खरेदीखतांना ती लागते, आणि वाचणारी माणसे दिवसेंदिवस कमी होत चालली आहेत. मात्र येत नसेल ते लिहू नका. मुलाखतीत समोर कागद ठेवला की उघडे पडायला वेळ लागत नाही.

कन्नडचे नाव काढले की काही वाचकांच्या कपाळावर आठी पडेल, हे आम्ही जाणतो. मराठीच्या हक्काचा झगडा आपल्या जागी आहे, आणि तो या पानावर वाचकांनी अनेकदा वाचला आहे. पण भाषा लादली जाणे वेगळे आणि ती येत असणे वेगळे. बेंगळूरच्या पेढ्यांना कर्नाटकातल्या जमिनीची पहाणी, म्युटेशनचे उतारे आणि निबंधक कचेरीतले कन्नड कागद वाचणारी माणसे लागतात. मराठी आणि कन्नड दोन्ही महसुली कागद वाचणारा पदवीधर मुंबईतही सहज सापडत नाही आणि बेंगळुरातही नाही. तो सापडतो निपाणीत, येळ्ळुरात, कडोलीत. ज्या परिस्थितीचा आपण एरवी त्रासच मोजतो, तिने हे एक भांडवल हाती दिले आहे. ते लपवायचे कशाला?

आता इंग्रजी. इथे खोटा दिलासा देण्यात अर्थ नाही. राज्यघटनेच्या ३४८ व्या कलमानुसार सर्वोच्च न्यायालय आणि हायकोर्टांचे कामकाज इंग्रजीत चालते, आणि पेढीचा करार तर इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत सहसा होतच नाही. मोठ्या पेढ्या नवी भरती मुख्यत्वे राष्ट्रीय विधी विद्यापीठांतून करतात आणि तिथे शिरण्याची क्लॅट परीक्षा फक्त इंग्रजीत होते. सतरा वर्षांच्या मुलाची कायद्याची समज तपासण्याआधी त्याची शाळा कोणत्या माध्यमाची होती हेच ही परीक्षा तपासते, असे आमचे मत आहे. महाराष्ट्राची कायद्याची सीईटी मराठीतूनही देता येते. वकिली सुरू करण्यासाठीची अखिल भारतीय बार परीक्षाही मराठीतून देता येते. मग पहिल्याच दारावर ही आडकाठी का, हा प्रश्न दिल्लीच्या हायकोर्टातही गेला आहे.

पण त्याची वाट पाहत मुलांनी बसू नये. पेढीला लागते ते लिहिण्याचे इंग्रजी. ऐटीत बोलण्याचे नंतर येते, आणि थोडे कमी आले तरी चालते. सर्वोच्च न्यायालय आपल्या निकालांची भाषांतरे संकेतस्थळावर ठेवते. त्यांत मराठीही आहे. एकच निकाल आधी मराठीत वाचावा, मग मूळ इंग्रजीत, आणि त्याचा सारांश दोनशे शब्दांत स्वतःच्या इंग्रजीत लिहावा. मराठी भाषांतर कधी अडखळते, ते कुठे अडखळते हे शोधण्यातही शिक्षण आहे. आठवड्याला दोन निकाल असे वर्षभर केले तर शंभर होतात, आणि यासाठी कोणत्याही क्लासची फी भरावी लागत नाही.

अर्ज करण्याची रीतही समजून घेतली पाहिजे, कारण आपली मुले सर्वांत जास्त इथेच मार खातात. पदवी हातात पडल्यावर अर्ज धाडायचा ही सरकारी नोकरीची सवय पेढीत चालत नाही. राष्ट्रीय विद्यापीठांबाहेरच्या मुलाला दार आहे ते इंटर्नशिपचे, आणि ते तिसऱ्या वर्षापासून ठोठवावे लागते. एक महिना काम केले, वरिष्ठांना आवडले, तर पुन्हा बोलावतात. दुसऱ्या खेपेला नोकरी देण्याच्या नजरेने पारखतात. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे इंटर्नशिप करावीच लागते. एका वर्षात सलग चार आठवड्यांहून जास्त नाही, आणि एकदा तरी कोर्टात चालवणाऱ्या वकिलाकडे, असाही नियम आहे. म्हणजे पहिली दोन वर्षे बेळगावच्या किंवा कोल्हापूरच्या वकिलाकडे आणि सुटीत उद्यमबागेतल्या एखाद्या कंपनीच्या कायदा विभागात काढली तरी ती मोजली जातात. तिथे करारनाम्याचे दोन मसुदे हाताखालून गेले, तर मुंबईच्या अर्जात लिहायला काहीतरी ठोस मिळते.

बायोडाटा एक-दोन पानांचाच असावा. त्यात वडिलांचे नाव, जात, धर्म, उंची, ‘वरील माहिती खरी आहे’ हे काही नको. तो विवाहमंडळाचा फॉर्म नव्हे. गुण, अभिरूप न्यायालयातील भाग, लिहिलेला एखादा लेख, कोणाकडे काय काम केले, आणि भाषा. सोबतच्या पत्रात या पेढीतच का आणि कोणत्या विभागात, हे तीन परिच्छेदांत सांगावे. वीस पेढ्यांना एकच पत्र धाडताना एकीचे नाव दुसरीच्या पत्रात राहून जाते, आणि असे पत्र पुढे कोणी वाचत नाही. कमी ठिकाणी पाठवा, पण नीट पाठवा. मुलाखतीत करार कायद्याची मुळे विचारतात: मोबदला कशाला म्हणतात, हानिरक्षण आणि हमी यांत फरक काय. ते पाठ नको, उदाहरणाने सांगता यावे. ऊसतोडणीची उचल आणि सोसायटीचा जामीनदार ज्याने घरात पाहिला आहे, त्याला उदाहरण शोधायला लांब जावे लागू नये.

खर्चाची गोष्ट राहतेच. मुंबईत महिनाभर राहणे-खाणे म्हणजे शेतकरी घराला भारीच. काही पेढ्या इंटर्नला विद्यावेतन देतात, काही देत नाहीत. अर्ज करताना हे विचारण्यात कमीपणा नाही. गिरगाव-दादरकडे नातलग असणाऱ्यांचे निभते, इतरांसाठी सीमाभागातल्या मंडळांनी मुंबईत चार खाटांची सोय केली, तर सत्काराच्या शाली थोड्या कमी वाटल्या तरी चालतील. सनद घेण्याचा खर्च मात्र आता आवाक्यात आला आहे. राज्यांच्या बार कौन्सिली हजारो रुपये घेत, ते सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये थांबवले. कायद्यातल्या आकड्याप्रमाणे सर्वसाधारण उमेदवाराला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला १२५ रुपये, एवढेच शुल्क घेता येते.

मोठ्या पेढ्यांतल्या मे महिन्याच्या जागा कित्येक महिने आधी भरत जातात. उन्हाळ्याच्या सुटीत जायचे असेल, तर दिवाळीच्या सुटीत बायोडाटा करावा, कॉलेजातल्या इंग्रजी जाणणाऱ्या गुरुजनांकडून तपासून घ्यावा आणि डिसेंबर संपण्याआधी पाठवावा.