कामगंध सापळ्यांच्या नोंदी आणि तारखेचा शोध

कपाशीवरील गुलाबी बोंडअळीचे प्रति सापळा प्रति रात्र ८ पतंग सलग ३ रात्री आढळल्यास आर्थिक नुकसानीची पातळी गाठली गेली, असे मानले जाते. या निकषात पतंगांच्या संख्येइतकेच महत्त्व ‘सलग’ या शब्दाला आहे, आणि सलगता ठरते ती तारखेवरून. सापळ्यांच्या नोंदी मोबाइलवरून थेट डेटाबेसमध्ये जात असतील, तर ही तपासणी संगणकाची आज्ञावली करते. तारीख कशी साठवली आणि कशी विचारली, यावर तिचे उत्तर अवलंबून असते.

बऱ्याचदा तारखेचा रकाना मजकूर म्हणून ठेवलेला असतो. मजकुराची तुलना संगणक डावीकडून एकेका अक्षराने करतो. ‘२५/०८/२०२४’ ते ‘०५/०९/२०२४’ या काळातील नोंदी मागितल्या, तर त्याच्या लेखी आरंभाची तारीख शेवटच्या तारखेहून मोठी ठरते आणि एकही नोंद हाती लागत नाही. आज्ञावली त्रुटी दाखवत नाही, केवळ रिकामे उत्तर देते. सल्लापत्रकात तेच ‘पतंग आढळले नाहीत’ असे उतरले, तर उपाययोजनेचा योग्य काळ निसटतो. म्हणून रकाना ‘डेट’ प्रकारचाच असावा आणि तारीख आयएसओ ८६०१ या मानकानुसार वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने, म्हणजे २०२४-०८-२५ अशी, लिहावी. ०५/०८ म्हणजे ५ ऑगस्ट की ८ मे, हा घोळही त्याने मिटतो.

नोंदीत वेळही असेल, तर ‘बिट्वीन’ वापरून २५ ते ३१ ऑगस्ट अशी मागणी करू नये. शेवटची मर्यादा ३१ तारीख सुरू होते त्या क्षणीच संपते आणि त्या दिवशी सकाळी मोजलेले पतंग वगळले जातात. ‘२५ ऑगस्टपासून पुढे आणि १ सप्टेंबरच्या आधी’ ही अट निर्धोक.

शेवटच्या ३ नोंदी घेऊन प्रत्येकीत किमान ८ पतंग आहेत का, एवढेच पाहणे सोपे असले तरी सदोष आहे. रविवारी सापळा कोणी पाहिला नाही, तर सोमवारच्या मोजणीत दोन रात्रींचे पतंग असतात. त्याच सापळ्याच्या लगतच्या दोन नोंदींत नेमके १ दिवसाचे अंतर आहे का, हे आज्ञावलीने तपासलेच पाहिजे. गहाळ दिवसापुढे शून्य तर मुळीच भरू नये. न मोजणे आणि पतंग नसणे या भिन्न गोष्टी आहेत.

साप्ताहिक अहवालात आणखी एक काळजी घ्यावी लागते. हवामानशास्त्रीय प्रमाण आठवडा १ जानेवारीपासून मोजला जातो, तर आयएसओ आठवडा सोमवारी सुरू होतो. डेटाबेसच्या तयार सूत्रावर विसंबण्याऐवजी प्रमाण आठवड्यांच्या तारखांचा स्वतंत्र तक्ता ठेवून त्याला नोंदी जोडाव्यात.