थंड हवेतलं जळतं ऊन

पेशीचं आयुष्य : भाग 6

पेशी आपल्या डीएनएची डागडुजी कशी करते, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. ही डागडुजी आवाक्याबाहेर गेली, की पेशी काय करते ते आज पाहू.

मे महिन्यात परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढला, की उन्हातून सुटलो असं सगळ्यांनाच वाटतं. गारवा खराच असतो. पण चिखलदरा सुमारे 1100 मीटरवर आहे, परतवाडा 400 मीटरच्याही खाली. उंचीवर हवा विरळ होते आणि दर हजार मीटरला अतिनील किरण साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. परतवाड्यात चटका बसतो म्हणून माणूस दुपट्टा बांधतो, सावली धरतो. वर भीमकुंडाजवळ तोच माणूस भरदुपारी उघड्या डोक्यानं हिंडतो. घरी परतल्यावर रात्री नाक आणि मान लाल होते, हुळहुळते. काही दिवसांनी कातडीचे पापुद्रे निघू लागतात. चुलीचा चटका तत्काळ कळतो. मग याला इतका वेळ का लागतो?

कारण इथे काम उष्णतेचं नसतंच. उन्हातले 280 ते 315 नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील-बी किरण डीएनए थेट शोषून घेतो. त्याच्या साखळीत थायमिनचे दोन घटक शेजारी-शेजारी असले, तर ते एकमेकांना चिकटून बसतात. साखळीची नक्कल करणारी यंत्रणा तिथे अडखळते. असा बिघडलेला तुकडा कापून नवा भरण्याची सोय पेशीत असते. तिचं कोडं उलगडणाऱ्या अझीझ संजार यांना 2015 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. इजा थोडी असेल तर एवढ्यावर भागतं.

इजा फार असेल तर पी-53 या प्रथिनाचं काम सुरू होतं. एरवी पेशी ते तयार करते आणि लगेच मोडूनही टाकते. डीएनए दुखावला की ते साठू लागतं. आधी ते पेशीचं विभाजन थांबवतं आणि दुरुस्तीला वेळ मिळवून देतं. तरीही जमलं नाही, तर मरणाचा हुकूम सुटतो. मायटोकॉन्ड्रियाच्या आवरणाला छिद्रं पडतात, सायटोक्रोम-सी बाहेर येतं आणि कॅस्पेस नावाची विकरं जागी होऊन पेशीतली प्रथिनं पद्धतशीर कापू लागतात. पेशी आकसते, केंद्रक गोळा होतं. या सगळ्याला काही तास लागतात. ऊन लागल्यावर साधारण एका दिवसात त्वचेचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर गुलाबी, आकसलेल्या, काळपट केंद्रकाच्या अशा पेशी सुट्या-सुट्या दिसतात. लाली मात्र रक्तवाहिन्या रुंदावल्यामुळे येते.

1994 साली उंदरांवरच्या एका प्रयोगात पी-53 नसलेल्या त्वचेत अशा मेलेल्या पेशी फारच कमी आढळल्या. वरवर पाहता हे चांगलं वाटेल, पण याचा अर्थ बिघडलेल्या पेशी जगल्या. त्वचेच्या कर्करोगाची सुरुवात अशाच पेशींतून होते. निघणारे पापुद्रे म्हणूनच मला शरीराच्या शहाणपणाची खूण वाटतात.

आपल्या त्वचेत मेलॅनिन भरपूर असतं आणि ते केंद्रकावर टोपीसारखं बसतं. त्यामुळे आपल्याकडे हा कर्करोग गोऱ्या लोकांच्या मानानं कमी आहे. डोळ्याच्या पारदर्शक पडद्याला मात्र मेलॅनिनचं संरक्षण नाही. ट्रॉल्या आणि लोखंडी गेटं बनवणाऱ्या दुकानांत हे रोज दिसतं. वेल्डिंगच्या ठिणगीतून तीव्र अतिनील किरण निघतात. काम करताना पोराला काहीच जाणवत नाही. सहा ते बारा तासांनी, ऐन झोपेत डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपू लागतं, पाण्याच्या धारा लागतात. तोवर पडद्यावरच्या पेशी मरून गळू लागलेल्या असतात. बटाट्याच्या चकत्या ठेवून गारवा मिळतो, मेलेल्या पेशी परत येत नाहीत. नवा थर बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत भरून येतो.

चिखलदऱ्याला जाणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं : पारा दुपारी तीन-चारला चढतो, पण आपल्याकडे सूर्य सर्वांत वर येतो तो साडेबाराच्या आत, आणि अतिनील किरणांचा जोर तेव्हाच असतो. आणि दुकानमालकांना विनंती, शिकाऊ पोरांच्या हाती साधा गॉगल देऊ नका, वेल्डिंगची काच असलेलं हेल्मेट द्या. जो नुसता शेजारी उभा राहून लोखंड धरतो, त्यालाही द्या. रात्री डोळे दुखले तर बधिर करणारे थेंब स्वतःच्या मनानं घालू नका; त्यांनी जखम भरायला उशीर लागतो. सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.