पांढरा कुत्रा आणि जांभळा शाम्पू

पांढऱ्या कुत्र्यांसाठीचे 'व्हाइटनिंग' शाम्पू अनेकदा जांभळे किंवा निळे असतात. आपल्यासारख्यांना याचं नवल वाटायला नको. घरी पांढऱ्या कपड्यांना शेवटच्या पाण्यात नीळ दिली जायची, त्यातलाच हा प्रकार. पिवळा आणि निळा-जांभळा हे एकमेकांचे पूरक रंग. पिवळट केसांवर जांभळ्या रंगाचा हलकासा थर बसला की पिवळेपणा डोळ्यांना जाणवत नाही. म्हणजे केस स्वच्छ झाले असं नाही, नुसते रंगवले गेले.

म्हणून इथे अमेरिकेत कुणी "सौम्य शाम्पू कोणता गं?" असं विचारलं, की मी आधी विचारते: डाग कुठे आहे आणि कोणत्या रंगाचा?

अंगभर पिवळट झाक असेल तर ती त्वचेतल्या तेलाची, लघवीची किंवा नुसत्या धुळीची. ती साध्या शाम्पूने बरीच जाते. पण डोळ्यांखाली, तोंडाभोवती आणि पंजांवर दिसणारा तांबूस-तपकिरी डाग वेगळा. तो पॉर्फिरिनचा. जुन्या लाल रक्तपेशी मोडताना तयार होणारे हे रंगीत रेणू कुत्र्याच्या अश्रूंत आणि लाळेत उतरतात. काळ्या लॅब्राडॉरच्याही उतरतात, फक्त दिसत नाहीत!

पंजे तांबूस झालेत याचा अर्थ कुत्रा ते सतत चाटतोय. का चाटतोय? अ‍ॅलर्जी, बोटांच्या बेचक्यांतला यीस्टचा संसर्ग, कधी सांध्यातलं दुखणं. डोळ्यांखाली डाग असतील तर अश्रुनलिका तुंबलेली असू शकते किंवा पापणीचा केस डोळ्यात टोचत असू शकतो. माल्टीज, बिशाँ, पूडल यांच्यात हे नेहमीचंच. इथे जांभळा शाम्पू लावणं म्हणजे तापमापी फोडून ताप उतरवण्यासारखं आहे. आधी व्हेटला दाखवा. डाग घालवणाऱ्या पावडरीही जपून. टायलोसिन हे प्रतिजैविक असलेल्या अशा विनापरवाना उत्पादनांवर अमेरिकेच्या एफडीएने २०१४ मध्ये ताकीद दिली होती.

आता सौम्य म्हणजे काय? माणसाच्या त्वचेचा पीएच साधारण ५ ते ५.५, म्हणजे आम्लधर्मी. कुत्र्याचा ७ च्या आसपास, पण जातीनुसार आणि शरीराच्या भागानुसार तो बराच बदलतो. त्यामुळे बाटलीवरच्या 'पीएच बॅलन्स्ड' या शब्दांनी मी फारशी भारावत नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते फेस करणारं रसायन. केसाळ भागात कुत्र्याची बाह्यत्वचा आपल्यापेक्षा बरीच पातळ असते. सोडियम लॉरिल सल्फेट तिच्यातलं तेल ओरबाडून नेतं. डेसिल ग्लुकोसाइड किंवा कोकामिडोप्रोपिल बीटेन त्या मानाने मवाळ. फेस कमी होतो, होऊ दे. खाज असेल तर कोलॉइडल ओटमील बरं. टी ट्री ऑइल मात्र नको, कुत्र्यांना ते विषारी ठरू शकतं. डोळ्यांजवळ हायड्रोजन पेरॉक्साइड लावायचे घरगुती उपायही नकोत.

एक गंमत (खरं तर गंमत नव्हे): अमेरिकेच्या कायद्यात 'सौंदर्यप्रसाधन' हे फक्त माणसांचं. प्राण्यांचा नुसता स्वच्छतेचा शाम्पू एफडीएच्या कक्षेतच येत नाही. 'जेंटल', 'नॅचरल' हे शब्द कुणीही छापावेत. म्हणून ज्या बाटलीवर सगळे घटक लिहिलेले आहेत तीच घ्या आणि मागची बाजू वाचा.

शाम्पू पाण्यात पातळ करून लावा आणि अंगाला बुळबुळीतपणा राहणार नाही इतकं धुवा. सामोएड किंवा आपल्याकडे 'पॉमेरियन' म्हणून ओळखले जाणारे इंडियन स्पिट्झ यांचे केस दुहेरी थरांचे असतात. आतला थर ओला राहिला तर त्वचेचे त्रास वाढतात, तेव्हा मुळापर्यंत कोरडं करा.

आणि कारण सापडून उपचार झाले तरी आधीच डागाळलेला केस पांढरा होणार नाही. तो मृत आहे. नवा केस खालून पांढरा येतो. जुना वाढून कापला जाईपर्यंत थांबावं लागतं.