हात लहान म्हणून पिस्तूलही लहान?

राही सरनोबतनं २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं वैयक्तिक सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. त्याच वर्षी राष्ट्रकुल आणि आशियाई स्पर्धांत मनू भाकर, सौरभ चौधरी, अनीश भानवाला ही पंधरा-सोळा वर्षांची मुलं सुवर्णपदकं घेऊन आली. तेव्हापासून बालेवाडी असो की कोल्हापूर, रेंजवर पिस्तूल शिकायला येणाऱ्या मुलामुलींचं वय खाली आलं आहे, आणि पालकांच्या तोंडी एक प्रश्न कायमचा झाला आहे: हिचा हात एवढासा, हिला कोणतं पिस्तूल घ्यायचं? त्यावर ठरलेलं उत्तर मिळतं, की लहान आणि हलकं घ्या. हे उत्तर ऐकायला सरळ वाटतं, पण ते बहुतेक वेळा चुकीच्या प्रश्नाचं उत्तर असतं. लहान हाताची अडचण पिस्तुलाच्या लांबी-वजनात क्वचितच असते. ती असते ग्रिपच्या घेरात आणि तर्जनी ट्रिगरपर्यंत कशी पोचते यात. या दोन गोष्टी जमल्या तर पूर्ण मापाचं पिस्तूल लहान हातातही नीट बसतं, आणि त्या नसतील तर सगळ्यात छोटं पिस्तूलही बसत नाही.

स्पर्धेच्या एअर पिस्तुलात ‘कॉम्पॅक्ट’ किंवा ‘शॉर्ट’ म्हणून जे मॉडेल मिळतं, त्यात कमी काय केलेलं असतं ते आधी पाहू. नळी आखूड असते, तिच्याखालचा हवेचा सिलिंडर आखूड असतो, त्यामुळे वजन काहीसं उतरतं आणि पुढचा भार कमी होतो. ट्रिगर आणि ग्रिप यांची रचना मात्र बहुधा मोठ्या मॉडेलसारखीच असते. म्हणजे ज्या मुलीचं बोट मोठ्या पिस्तुलाच्या ट्रिगरवर नीट पोचत नव्हतं, तिचं बोट छोट्या पिस्तुलावरही तितकंच अपुरं पडतं. इथे दोन वेगळ्या तक्रारी एकत्र झालेल्या असतात. हात वर धरला की खांदा दुखतो, पिस्तूल पुढे झुकतं, ही दंडाच्या आणि खांद्याच्या ताकदीची तक्रार. तिच्यावर कॉम्पॅक्ट मॉडेल हा चांगला उपाय आहे आणि अकरा-बारा वर्षांच्या मुलांसाठी तो जरूर करावा. बोट पोचत नाही, पकड दर वेळी वेगळी बसते, ही तळव्याच्या मापाची तक्रार. तिला उत्तर ग्रिपमध्येच शोधावं लागतं. पायाला बूट चावतो तेव्हा आपण बुटाचा नंबर बदलतो, हलका बूट मागत नाही.

ट्रिगरपर्यंतच्या अंतराला इतकं महत्त्व का, हे आकड्यांतून लख्ख दिसतं. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार १० मीटर एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा असावा लागतो, २५ मीटरच्या .२२ पिस्तुलाचा किमान १००० ग्रॅमचा. एअर पिस्तुलाचं स्वतःचं वजन साधारण एक किलोच्या आसपास, .२२ पिस्तुलाचं त्याहून थोडं जास्त. म्हणजे एअर पिस्तुलात बोटाचा जोर पिस्तुलाच्या वजनाच्या निम्मा असतो आणि .२२ मध्ये तो जवळजवळ वजनाइतका होतो. इतका जोर सरळ मागे, नळीच्या रेषेत गेला तर पिस्तूल जागचं हलत नाही. त्यासाठी तर्जनीच्या पहिल्या पेराचा मऊ भाग ट्रिगरवर यायला हवा आणि बोटाचा बाकीचा भाग ग्रिपच्या लाकडाला न टेकता मोकळा राहायला हवा. ग्रिप जाड असली की लहान हाताचं बोट ट्रिगरवर नुसतं टोकानं पोचतं आणि जोर तिरका लागतो. जोराची दिशा पंधरा अंशांनी जरी चुकली, तरी १००० ग्रॅमपैकी सुमारे २६० ग्रॅम जोर बाजूला जातो. एक किलोच्या वस्तूला ऐन मोक्याच्या क्षणी बाजूनं पाव किलोचा रेटा बसतो.

त्या रेट्याची किंमत लक्ष्यावर किती पडते? एअर पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये साधारण ३३ सेंटिमीटर अंतर धरलं, तर पुढची साइट मागच्या खाचेत एक मिलिमीटर सरकल्यावर १० मीटरवर छर्रा सुमारे ३० मिलिमीटर बाजूला जातो. दहाच्या वर्तुळाचा व्यास फक्त ११.५ मिलिमीटर आहे. मध्यावर जाणारा शॉट तेवढ्या एका मिलिमीटरपायी सातच्या वर्तुळात जातो. साइटमधलं अंतर ३० सेंटिमीटरवर आणलं, तर तेवढ्याच चुकीला छर्रा ३३ मिलिमीटर हुकतो आणि सातचे सहा होतात. लहान हातासाठी म्हणून घेतलेल्या आखूड पिस्तुलात ट्रिगरची मूळ चूक तशीच राहते, आणि साइट जवळ आल्या असतील तर तिची शिक्षा उलट थोडी वाढते.

‘एअर पिस्तुलाला झटका नसतो, मग पकडीचं एवढं काय’ असंही म्हटलं जातं. झटका नगण्य असतो हे खरं. पण ट्रिगर सुटल्यापासून छर्रा नळीबाहेर पडेपर्यंत काही सहस्रांश सेकंद जातात, आणि तेवढ्या वेळात हाताची जी हालचाल होते ती सगळी शॉटमध्ये उतरते. शिवाय स्पर्धेत असे ६० शॉट ७५ मिनिटांत मारायचे असतात, तेही एका हातानं, कुठलाही आधार न घेता. साठही वेळा पकड तीच बसली पाहिजे. न बसणाऱ्या ग्रिपमध्ये नेमबाज दर शॉटला हात थोडा फिरवून, बोट ताणून जागा शोधतो. पहिल्या दहा शॉटना हे जमून जातं, चाळिसाव्या शॉटला तळवा थकलेला असतो. २५ मीटर प्रकारात तर मामला आणखी कठीण. तिथल्या रॅपिड फेरीत हात ४५ अंशांवर खाली धरून उभं राहायचं, लक्ष्य तीन सेकंदांसाठी खुलं होतं, तेवढ्यात हात उचलून एक शॉट, मग सात सेकंदांची विश्रांती आणि पुन्हा तेच. या तीन सेकंदांत साइट शोधत बसायला वेळ नसतो. हात वर आला की साइट आपोआप सरळ रेषेत दिसायला हव्यात. ज्याचा तळवा ट्रिगर गाठण्यासाठी ग्रिपभोवती बाजूला सरकलेला असतो, त्याच्या मनगटातून नळीची रेषा वाकते. पिस्तूल वर येतं तेव्हा साइट एका बाजूला गेलेली असते आणि .२२ चा झटकाही सरळ मागे न येता तिरका येतो.

हलकं म्हणजे सोयीचं, हा समज नेमबाजीच्या खेळापुरता मर्यादित नाही. कानपूरच्या आयुध कारखान्यानं २०१४ मध्ये ‘निर्भीक’ नावाचं .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर आणलं ते महिलांसाठी म्हणून, आणि त्याच्या प्रसिद्धीत सुमारे ५०० ग्रॅम वजनाचा गुण ठळकपणे सांगितला गेला. बाळगायला हलकं शस्त्र बरं, हे कबूल. पण काडतूस तेच ठेवून शस्त्राचं वजन निम्मं केलं, तर झटक्याची ऊर्जा दुप्पट होते. हा गतिशास्त्राचा साधा हिशेब आहे आणि तो हाताच्या आकाराला सवलत देत नाही. दुसरीकडे, मोठ्या सैन्यांनी हाताच्या मापाचा प्रश्न कसा सोडवला ते पाहण्यासारखं आहे. अमेरिकी लष्करानं १९८० च्या दशकात घेतलेल्या बेरेटा एम-९ ची मूठ जाड होती आणि लहान हाताच्या सैनिकांची तिच्याबद्दल तक्रार होती. २०१७ मध्ये तिच्या जागी एम-१७ निवडताना लहान, मध्यम, मोठ्या अशा बदलता येणाऱ्या ग्रिप असलेलं पिस्तूल घेतलं गेलं. लहान हातवाल्यांना वेगळं छोटं पिस्तूल न देता त्याच पिस्तुलाची मूठ बदलली.

स्पर्धेच्या पिस्तुलांत ही सोय कितीतरी आधीपासून आहे. स्टायर, मोरिनी, वाल्थर, पार्दिनी या कंपन्यांच्या पिस्तुलांना लाकडी ग्रिप वेगवेगळ्या मापांत आणि डाव्या-उजव्या हातासाठी वेगळ्या मिळतात. ट्रिगरचं पातं एका छोट्या पट्टीवर पुढे-मागे सरकतं, थोडं फिरतंही. अॅलन कीनं स्क्रू सैल करायचा, हवं तिथे आणायचं, पुन्हा कसायचं. तळहाताच्या खालच्या कडेला टेकणारा पाम रेस्ट वर-खाली होतो. लहान हाताच्या नेमबाजासाठी बहुतेक वेळा याच क्रमानं जावं: आधी लहान मापाची ग्रिप, मग ट्रिगर मागे, मग पाम रेस्ट वर. त्यानंतर जे उरतं ते कानस आणि पॉलिश पेपरचं काम. अंगठा आणि तर्जनीमधल्या बेचक्यात लाकूड जाड वाटत असेल तर तिथे ते उतरवायचं. जिथे तळव्यात पोकळी राहते तिथे वुड पुट्टी भरून, ती ओली असताना हात दाबून ठसा घ्यायचा आणि वाळल्यावर घासायचं. उतरवताना घाई नको. एकदा अर्धा मिलिमीटर, मग चार दिवस सराव, मग पुन्हा पाहणं. एवढ्या महागाच्या पिस्तुलाला कानस लावायला पालकांचा जीव धजत नाही, हे समजण्यासारखं आहे. पण ग्रिप हा बदलता येणारा सुटा भाग आहे, बिघडली तर नवी मिळते.

‘असं घासणं नियमात बसतं का’, ही शंका रास्त आहे. बसतं. नियमांची अट अशी, की ग्रिपनं हाताच्या पलीकडे आधार देऊ नये, मनगट स्पष्टपणे मोकळं दिसावं, आणि एअर पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावून १५०० ग्रॅमच्या आत राहावं. स्पर्धेआधी उपकरण तपासणीत हे सगळं मोजलं जातं. तिथून शिक्का मिळाल्यावर नियम मोडेल असा बदल करता येत नाही. या चौकटीत राहून लाकूड हाताच्या आकारात आणायला पूर्ण मुभा आहे.

याहून वजनदार आक्षेप वाढत्या वयाचा आहे. मुलगी बाराची आहे, दोन वर्षांत हात वाढेल, मग आता मोठी ग्रिप घेतलेली काय वाईट? शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घेण्याची आपली सवय इथे उपयोगी पडत नाही. पहिली दोन वर्षं ही हाताला सवय लावण्याची वर्षं असतात. त्या काळात मूल मोठ्या ग्रिपवर बोट ताणून, मनगट वाकवून शॉट सोडायला शिकलं, तर हात वाढल्यावर ग्रिप बसेल, पण वाकलेलं मनगट तसंच राहील, आणि ते सोडवायला शिकण्याइतकाच वेळ जाईल. पिस्तूल पुढची अनेक वर्षं टिकतं, ते विचार करून चांगलं घ्यावं. ग्रिप आजच्या हाताची घ्यावी आणि हात वाढला की बदलावी. दोन ग्रिपचा खर्च धरूनही हा व्यवहार चुकीच्या पिस्तुलापेक्षा स्वस्तात पडतो.

हात लहान आहे तर घट्ट पकड, हा सल्लाही सर्रास दिला जातो आणि तो घातक आहे. मूठ आवळली की दंडापर्यंतचे स्नायू ताठतात आणि पुढची साइट थरथरू लागते. पिस्तूल धरायचं काम मधलं बोट आणि अनामिका करतात, तेही सरळ मागे, तळव्याच्या टाचेकडे दाबून. अंगठा आणि करंगळी नुसती ठेवलेली असतात. मापाच्या ग्रिपमध्ये हे आपोआप घडतं. जिथे आवळावं लागतं तिथे ग्रिपच चुकलेली आहे, असं बेलाशक समजावं.

हात लहान असणं हा नेमबाजीत मुळात तोटाच आहे का? २०१८ पासून १० मीटर एअर पिस्तुलात महिलाही पुरुषांइतकेच ६० शॉट मारतात. लक्ष्य तेच, अंतर तेच, ट्रिगरची आणि वजनाची मर्यादा तीच. मिश्र सांघिक प्रकारात तर एक पुरुष आणि एक महिला शेजारी-शेजारी उभे राहून एकाच गुणफलकासाठी खेळतात; २०२४ मध्ये पॅरिसला मनू भाकर आणि सरबज्योत सिंगनं त्यातच कांस्यपदक घेतलं. हाताच्या आकारावर गुण ठरत असते तर स्पर्धेची अशी रचना टिकलीच नसती.

खरेदीपूर्वी एवढं मात्र करा. रेंजवर क्लबची जी पिस्तुलं सरावाला मिळतात त्यांवर, अर्थातच रिकाम्या पिस्तुलावर आणि प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, पकड तपासा. पिस्तूल लक्ष्याच्या दिशेनं उचला, डोळे मिटा, हात सैल होऊन स्थिरावू द्या, मग डोळे उघडा. पुढची साइट मागच्या खाचेच्या मधोमध दिसली पाहिजे. दहापैकी आठ-नऊ वेळा ती एकाच बाजूला दिसत असेल, तर ग्रिप त्या हाताची नाही. मग बोट पाहा: पेराचा मऊ भाग ट्रिगरवर आणि बोट व लाकूड यांच्यामध्ये उजेडाची फट. ती फट नसेल तर ट्रिगर किंवा ग्रिप बदलायला हवी. कागदावर तळवा ठेवून पेन्सिलीनं त्याची बाह्यरेषा काढा, रुंदी मोजा आणि विक्रेत्याला ते माप आधी सांगा. ‘ग्रिप नंतर बघू’ म्हणणाऱ्याकडून घाईनं पिस्तूल घेऊ नका. .२२ पिस्तुलासाठी तर शस्त्र परवाना लागतो, तेव्हा एकदा घेतलेलं परत बदलणं सोपं नसतं. पिस्तूल कोणतं हे ठरवण्याआधी मुलीच्या हाताचं माप घ्या.