भसीन, निवेदिता

भसीन, निवेदिता : (१९६३–  ). भारतीय वैमानिक. वयाच्या सव्विसाव्या वर्षी प्रवासी जेट विमानाच्या कमांडर झालेल्या भसीन या त्या वेळी जगातील नागरी विमानवाहतुकीतील सर्वांत तरुण महिला जेट-कमांडर म्हणून प्रसिद्धी पावल्या. हे उड्डाण १ जानेवारी १९९० रोजी मुंबई–औरंगाबाद–उदयपूर या मार्गावर झाले. औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथील चिकलठाणा विमानतळ हा अजिंठा, वेरूळ व पैठण येथे जाणाऱ्या प्रवाशांच्या सोयीचा आहे.

परवाना मिळणे आणि विमानाचे आधिपत्य मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी होत. विमानाच्या चालककक्षात डावे आसन कमांडरचे व उजवे सहवैमानिकाचे असते. विमान दोघेही चालवितात. तथापि इंधन किती घ्यावयाचे, खराब हवेत उतरावयाचे की अन्य विमानतळाकडे वळावयाचे, याचा अंतिम निर्णय कमांडरचा असतो. भारतीय स्त्रियांना परवाना लवकर मिळाला : ऊर्मिला पारीख यांना १९३२ मध्ये, तर सरला ठकराल यांना १९३६ मध्ये. प्रेम माथुर यांना अनेक कंपन्यांनी नाकारल्यावर हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने सहवैमानिक म्हणून घेतले (मराठवाडा त्या काळी हैदराबाद संस्थानात होता). पुरेसे उड्डाणतास भरूनही डावे आसन मात्र तेथे त्यांना मिळाले नाही. दूर्बा बॅनर्जी १९६६ मध्ये इंडियन एअरलाइन्समध्ये आल्या.

भसीन यांना याच कंपनीचे नियुक्तिपत्र २९ जून १९८४ रोजी, विसाव्या वर्षी मिळाले. नोव्हेंबर १९८५ मध्ये कलकत्ता–सिलचर मार्गावर केवळ महिला कर्मचारी असलेले पहिले उड्डाण झाले. फॉकर फ्रेंडशिप जातीच्या, पंख्यांवर चालणाऱ्या या लहान विमानाच्या कमांडर सौदामिनी देशमुख होत्या व भसीन सहवैमानिक. याच जोडीने सप्टेंबर १९८९ मध्ये शंभराहून अधिक प्रवासी वाहणारे बोइंग ७३७ जेट मुंबई–गोवा मार्गावर नेले. देशमुख यांच्या उजवीकडे बसणाऱ्या भसीन त्यानंतर चारच महिन्यांच्या आत स्वतः डाव्या आसनावर बसल्या.

लोकमत मात्र इतक्या वेगाने बदलले नव्हते. स्त्री विमान चालविणार हे पाहून प्रवासी घाबरतील, म्हणून लवकर चालककक्षात जा, असे सहकारी कर्मचारी आपणास सुचवीत, अशी त्या काळाची आठवण भसीन यांनी पुढे सांगितली आहे. हरकत प्रवाशांनी घेण्यापूर्वी सहकाऱ्यांनीच ती गृहीत धरलेली होती, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

इतर वैमानिकांची परीक्षा घेणाऱ्या तपासणी-वैमानिक म्हणूनही त्यांनी काम केले. पुढे एअर इंडियात त्यांनी बोइंग ७८७ ड्रीमलायनर हे विमानही चालविले. आंतरराष्ट्रीय महिला वैमानिक संघटनेच्या २०२१ च्या सुमाराच्या आकडेवारीनुसार भारतातील वैमानिकांत स्त्रियांचे प्रमाण १२·४% होते. अमेरिकेत ते ५·५%, तर ब्रिटनमध्ये ४·७% होते.